बुडबुडे थांबले, आता वाइन बाटलीत भरू का?

प्रश्न थोडक्यात असा: "ताई, आम्ही पुण्याहून इंग्लंडला येऊन दोन वर्षं झाली. व्हिडिओ बघून घरी वाइन घातली. २ किलो काळी द्राक्षं, २ किलो साखर, ३ लिटर पाणी, मूठभर गहू आणि ब्रेडच्या यीस्टचं एक पाकीट. रोज ढवळलं, २१ दिवसांनी गाळून एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप) लावला. आता आठवडाभर एकही बुडबुडा नाही. चव सरबतासारखी गोड आहे, पण चढते. क्लिपच्या झाकणाच्या छान बाटल्या आणल्यात, दिवाळीत मित्रांना द्यायच्या आहेत. भरू का? घरच्या दारूनं डोळे जातात म्हणतात, ते खरं का? पुढच्या वेळी बिअर सोपी पडेल का? पुण्यात भावालाही करायचीय."

आत्ता भरू नका. त्या क्लिपच्या बाटल्यांत तर मुळीच नको. वाइन फुकट गेलेली नाही, तिचं बरंच काही करता येईल, पण आधी ती गोड का राहिली ते बघू.

तुमच्या रेसिपीचा हिशोब मांडते. २ किलो द्राक्षांतून दीड लिटरच्या वर रस निघतो आणि त्यात तीनशे-सव्वातीनशे ग्रॅम साखर असते. वरून तुम्ही २ किलो घातली. साखर विरघळली की तीही जागा घेते, किलोला साधारण ६०० मिलिलिटर. सगळं मिळून पावणेसहा-सहा लिटर द्रव आणि त्यात सव्वादोन किलोच्या वर साखर, म्हणजे लिटरला जवळजवळ ४०० ग्रॅम. यीस्टला एक टक्का अल्कोहोल करायला लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर लागते. म्हणजे ही सगळी साखर संपवायची तर २३ टक्क्यांची वाइन व्हायला हवी. तिथवर वाइनचं नेहमीचं यीस्टही पोचत नाही. ब्रेडचं यीस्ट तर ११-१२ टक्क्यांच्या आसपासच मान टाकतं, कारण त्यानंच तयार केलेलं अल्कोहोल त्याला सोसवत नाही. म्हणजे तुमच्या भांड्यात आज लिटरला २०० ग्रॅमच्या आसपास साखर उरलेली असणार. कोलात असते त्याच्या जवळपास दुप्पट.

म्हणून ती गोड लागते. तुम्ही काही चुकलात असं नाही, ही रेसिपीच अर्ध्यावर थांबणारी आहे.

तिला नावंही ठेवणार नाही. वसईत, गोव्यात, मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती घरांत नाताळसाठी घातली जाणारी वाइन याच वळणाची असते. केकबरोबर छोट्या पेल्यात प्यायची, गोड, घट्ट, बरणीतून काढली की आठ-पंधरा दिवसांत संपणारी. त्या कामाला ती उत्तम. भरपूर साखरेमुळे ती उकाड्यातही थोडीफार टिकते आणि बारीकसारीक दोषही झाकले जातात. पंचाईत होते ती हीच वाइन बूच ठोकून महिनोन्‌महिने ठेवायला गेलं की. गव्हाचं म्हणाल तर त्यातला स्टार्च यीस्टला खाता येत नाही. मोड आणून माल्ट केला आणि योग्य तापमानाला भिजवला तरच त्याची साखर होते. कच्च्या गव्हानं वाइन गढूळ होते, बाकी फारसं काही होत नाही.

आता बुडबुडे. एअरलॉकमधून बुडबुडा येणं म्हणजे आतला वायू त्या वाटेनं बाहेर पडला, इतकंच. झाकण किंचित सैल असेल तर वायू कडेनं निसटतो आणि एअरलॉक गप्प राहतो, आत मात्र जोरात चालू असतं. उलट, सगळं संपलेलं असताना खोलीत ऊन आलं की द्रवात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पुन्हा बुडबुडे सुरू होतात. थंडीचंही तसंच. ऑक्टोबरात इथे रात्री हीटिंग बंद केलं की स्वयंपाकघर १४-१५ अंशांवर उतरतं आणि दमलेलं यीस्ट झोपी जातं. झोपलंय, मेलेलं नाही. मे महिन्यात त्याला पुन्हा जाग येऊ शकते, आणि तोवर तुमची बाटली मित्राच्या कपाटात बंद असेल.

त्या बंद बाटलीत काय होईल ते सांगते. घरच्या बिअरला फेस यावा म्हणून बाटलीबंद करताना आपण लिटरला ५ ग्रॅमच्या आसपास साखर मुद्दाम घालतो, तेवढी पुरते. शॅम्पेनला बाटलीतल्या दुसऱ्या किण्वनासाठी, म्हणजे पुन्हा आंबण्यासाठी, लिटरला २४ ग्रॅमच्या आसपास घालतात. त्यातून सुमारे ६ वातावरणांचा दाब तयार होतो आणि तो सोसायला बाटलीची काच जाड आणि बुडाला खोलगट करावी लागते, बूच तारेनं बांधावं लागतं. तुमच्याकडे २०० ग्रॅम शिल्लक आहेत. त्यातले दहा-पंधरा ग्रॅम जरी यीस्टनं उन्हाळ्यात खाल्ले तरी साध्या बाटलीचं बूच उडेल. आणि क्लिपच्या बाटलीचं बूचही उडत नाही, थेट काच फुटते. तशा बाटल्या बहुधा तेल-सरबत ठेवायला आणि शोभेला केलेल्या असतात, दाब धरायला नाही. काचेचे तुकडे वितभर लांब उडतात असं समजू नका, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला सापडतात.

तेव्हा पहिलं काम, हायड्रोमीटर आणा. दहा पौंडांच्या आत मिळतो. माझ्या मते या छंदात यीस्टच्याही आधी हीच वस्तू विकत घ्यावी. काचेची नळी, खाली वजन, वर आकड्यांची पट्टी. साध्या पाण्यात २० अंशांना १.००० दाखवतो, साखर असेल तितका वर तरंगतो. उंच नळकांड्यात वाइन घ्या, हायड्रोमीटर सोडा आणि बोटांनी एक गिरकी द्या. गिरकी विसरू नका. वायूचे बारीक बुडबुडे काचेला चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा फुगतो. नळकांड्याच्या कडेला द्रव किंचित वर चढलेला दिसतो, तिथे वाचायचं नाही. डोळा पातळीला आणून मधल्या सपाट भागाचा आकडा घ्या. नमुना परत भांड्यात ओतू नका, पिऊन बघा. आकडा आणि चव यांची सांगड जिभेवर बसायला लागली की पुढे फार उपयोग होतो.

कोरडी वाइन संपते तेव्हा आकडा ०.९९२ ते ०.९९६ च्या दरम्यान असतो. पाण्याच्याही खाली, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. तुमचा माझ्या अंदाजानं १.०६० च्या आगेमागे निघेल. सुरुवातीचा आकडा हाताशी असता तर अल्कोहोलही काढता आलं असतं: सुरुवातीतून शेवटचा वजा करून १३१ नं गुणायचं. उदाहरणार्थ १.०८६ वरून ०.९९४ वर आली तर फरक ०.०९२, म्हणजे १२ टक्के. तुमचा सुरुवातीचा आकडा वरच्या हिशोबानं १.१५० च्या जवळ येतो. इतक्या घट्ट पाकात यीस्टची सुरुवातच ओढाताणीत होते.

ती तशीच पुढे रेटायचा प्रयत्न बरेच जण करतात. पाकीटभर नवं यीस्ट वरून भुरभुरवतात. १२ टक्के अल्कोहोल आणि २०० ग्रॅम साखर अशा ठिकाणी कोरडं यीस्ट टाकलं की ते बहुधा जागच्या जागी मरतं. त्यापेक्षा उलटं करा, चालू असलेल्या किण्वनात ही वाइन थोडी थोडी घाला.

एक गॅलनचा, म्हणजे साडेचार लिटरचा डेमिजॉन (अरुंद मानेची मोठी काचेची बाटली) घ्या. दुकानातला साखर न घातलेला लाल द्राक्षरस ३ लिटर आणा. लेबल वाचा. सॉर्बेट किंवा बेन्झोएट लिहिलेलं असेल तर परत फळीवर ठेवा, त्यात यीस्ट वाढणार नाही. या रसाचा आकडा साधारण १.०६५ असतो. यीस्ट वाइनचंच घ्या. लॅल्विन या ब्रँडचं ईसी-१११८ इथे सहज मिळतं, १८ टक्क्यांपर्यंत टिकतं आणि १० ते ३० अंशांत काम करतं. अर्धी वाटी कोमट पाण्यात, हाताला ऊबदार लागेल पण चटका बसणार नाही अशा, १५ मिनिटं भिजवा आणि रसात सोडा. सोबत पाकिटावरच्या मापानं यीस्टचं खाद्य. दोन दिवसांत चांगला फेस धरला की तुमची गोड वाइन रोज पाव-अर्धा लिटर अशी घालत जा, एकूण दीड लिटर. एकास दोन हे प्रमाण अशासाठी की सुरुवातीच्या साखरेची सरासरी १.०९३ वर येते आणि ती सगळी संपली की १३ टक्क्यांची कोरडी वाइन होते, यीस्टला झेपेल अशी. हायड्रोमीटरनं आज काहीही दाखवलं तरी हे प्रमाण बदलायची गरज नाही, कारण हिशोब घातलेल्या साखरेचा आहे, उरलेल्या नव्हे. डेमिजॉन १८ ते २२ अंशांत राहील असा ठेवा. गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असेल तर त्याच्या शेजारी, आत नको.

संपली हे कसं ठरवायचं? तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा आकडा घ्या. दोन्ही वेळा तोच आला आणि तो १.००० च्या खाली असला की संपली. एअरलॉककडे बघून काही ठरवू नका.

उरलेली वाइन गोडच ठेवा, दिवाळीला तीच उपयोगी पडेल. थंड जागी साका खाली बसू द्या. वरची निवळ नळीनं दुसऱ्या भांड्यात उतरवून घ्या. ओतू नका, ओतताना हवा मिसळते. मग मेटाबायसल्फाइटची एक कॅम्डन गोळी चुरून घाला, गॅलनला एक हे माप, आणि पाकिटावर लिहिलंय तेवढं पोटॅशियम सॉर्बेट. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, वाढू देत नाही. ते एकटं कधी घालू नका. सल्फाइट नसेल तर लॅक्टिक जिवाणू सॉर्बेटवर ताव मारतात आणि वाइनला जिरेनियमच्या चुरडलेल्या पानांचा वास येतो. तो वास एकदा आला की जात नाही. एवढं केल्यावरही ती प्लॅस्टिकच्या सोड्याच्या बाटल्यांत भरा, फ्रीजमध्ये ठेवा आणि बाटली अधूनमधून दाबून बघा. दगडासारखी कडक लागली तर झाकण हळूच सैल करा. दिसायला शोभेची नाही, पण कुणाच्या डोळ्यात काच जाणार नाही. देताना सल्फाइट आहे हे सांगा, दमेकऱ्यांना त्याचा त्रास होऊ शकतो.

डोळे जाण्याबद्दल. भीती खरी आहे, फक्त तिचं मूळ वेगळं आहे. २०१५ च्या जूनमध्ये मालाड-मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली ती दारूतल्या मिथेनॉलमुळे. हे मिथेनॉल कारखान्यात रसायन म्हणून वापरलं जातं आणि गुत्त्याच्या दारूत स्वस्तात नशा वाढवायला मिसळलं जातं. फळातल्या पेक्टिनमधून (जॅम घट्ट करणारा घटक) आंबताना थोडं मिथेनॉल आपोआपही तयार होतं, पण ते इतकं कमी की दुकानातल्या कुठल्याही वाइनमध्ये सापडतं. घरी नुसतं आंबवून विषबाधेइतकं मिथेनॉल होत नाही. गाळप करायच्या, म्हणजे उकळून अर्क काढायच्या फंदात मात्र पडू नका. इंग्लंडमध्ये त्याला परवाना लागतो आणि घरात अल्कोहोलची वाफ व आग शेजारी शेजारी ठेवण्यात शहाणपण नाही. वाइन आणि बिअर स्वतःसाठी करायला इथे पूर्ण मोकळीक आहे, विकायची नाही एवढंच. बिअरला १८८० पासून घरीसुद्धा परवाना लागायचा. तो १९६३ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकला आणि इथली ही हौस खऱ्या अर्थानं तेव्हापासून फोफावली.

भावाला मात्र नको म्हणा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्याखाली गुन्हा आहे, स्वतःपुरतं असलं तरी. इंटरनेटवर मराठीत डझनावारी रेसिप्या दिसतात, म्हणून ते चालतं असा समज होतो. चालत नाही.

पुढच्या वेळी खायची द्राक्षं घेऊ नका. माझं माहेर तासगावचं, त्यामुळे हे जरा जीवावर येऊनच लिहिते. आपली थॉमसन, सोनाका खायला आणि बेदाण्याला लाजवाब आहेत. मार्च-एप्रिलमध्ये नाशिकची द्राक्षं इथल्या दुकानात दिसली की मी पिशवीभर आणते. पण वाइनच्या द्राक्षात लिटरभर रसाला २२०-२४० ग्रॅम साखर असते, आंबटपणा जास्त असतो आणि जाड सालीत रंग व तुरटपणा असतो. खायच्या द्राक्षात हे तिन्ही कमी. साखरेची उणीव साखर घालून भरते, सालीतल्या रंगाची आणि तुरटपणाची तशी भरत नाही आणि वाइन पाणचट होते.

इथे त्यापेक्षा ऑगस्ट-सप्टेंबरात कुंपणाकडेला फुकट मिळणारी ब्लॅकबेरी घ्या. २ किलो ब्लॅकबेरी बादलीत कुस्करा, उकळतं पाणी घाला, ९०० ग्रॅम साखर विरघळवा, गार झाल्यावर पेक्टिन मोडणारं एन्झाइम आणि एक कॅम्डन गोळी. एक दिवस थांबून पाणी इतकं वाढवा की गाळल्यावर साडेचार लिटर उतरेल. आकडा १.०८५ च्या आसपास आला की यीस्ट. तोंडाला दादरा बांधा. चिलटं नुसती त्रास देत नाहीत, व्हिनेगर करणारे जिवाणू पायाला लावून आणतात. चोथा वर टोपीसारखा चढतो, तो दिवसातून दोनदा खाली दाबा. वरचा भाग कोरडा राहिला की तिथे बुरशी धरते. पाच-सहा दिवसांत गाळा, २१ दिवस चोथ्यावर ठेवायची काही गरज नाही. डेमिजॉनमध्ये सुरुवातीला फेसापुरती जागा सोडा, जोर ओसरला की मानेपर्यंत भरा. आधी यीस्टला हवा हवी असते, संपल्यावर तीच हवा वाइनची वैरीण होते. साक्यावरून दर दोन-तीन महिन्यांनी उतरवत राहा. सप्टेंबरात घातलेली पुढच्या वसंतात बाटलीत जाते आणि त्यानंतरच्या दिवाळीला पिण्याजोगी होते. मधल्या काळात चव घेतली तर ती कच्ची, टोकदार लागेल. फेकू नका.

बिअर वेळेच्या दृष्टीनं सोपी आहे, महिना-दीड महिन्यात ग्लासात येते. कष्टाच्या दृष्टीनं नाही. माल्टपासून करायची तर दळलेला माल्ट ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर धरायचा, पाणी गाळायचं, हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं, घालून तासभर उकळायचं (तो कडवटपणा उकळल्याशिवाय उतरत नाही), मग २३ लिटर उकळतं द्रव लवकरात लवकर २० अंशांवर आणायचं. अर्धा दिवस स्वयंपाकघर अडतं आणि घरात माल्टचा वास दोन दिवस रेंगाळतो. मला तो आवडतो, घरच्यांना नाही. पहिल्यांदा डब्यातल्या घट्ट माल्ट अर्काची कीट घ्या. हॉप्स त्यातच असतात, उकळावं लागत नाही, लक्ष फक्त स्वच्छतेवर आणि तापमानावर देता येतं. उकळी थंड झाल्यानंतर ज्याला ज्याला बिअर लागणार ते प्रत्येक भांडं, नळी, चमचा आधी घासून मग निर्जंतुक करायचं. मळलेल्या भांड्यावर निर्जंतुक करणारं औषध ओतून उपयोग नसतो. बिअर वाइनइतकी कोरडी होत नाही, १.०१० ते १.०१४ वर थांबते. तिथेही तीन दिवसांच्या अंतरानं तोच आकडा दोनदा आल्याशिवाय बाटलीबंद करायचं नाही. बाटल्या बिअरच्याच घ्या, आणि त्यांतली एक प्लॅस्टिकची ठेवा. तीच दाबून बघितली की बाकीच्यांत दाब किती चढलाय ते कळतं.